पीसी सुरू होताना अडतो तेव्हा

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न एकाच तक्रारीचे आहेत: भाग निवडून असेंबल केलेला पीसी सुरूच होत नाही, किंवा खूप खटपट केल्यावर होतो. नुसतं ‘चालू होत नाही’ म्हटल्यावर काहीच हाती लागत नाही. म्हणून बटण दाबल्यावर पहिल्या दोन सेकंदांत नेमकं काय होतं हे ज्यांनी नीट पाहून लिहिलं, त्यांचे प्रश्न आधी घेतले आहेत. दोष कुठे आहे याचा निम्मा पत्ता तिथेच लागतो.

प्रश्न (नाशिक): माझा पीसी आठ वर्षांपूर्वी असेंबल केलेला आहे. थंडी पडल्यापासून सकाळी बटण दाबलं की पंखे अर्धी फेरी घेतात आणि थांबतात. दहा-पंधरा वेळा दाबल्यावर एकदाचा सुरू होतो, मग रात्रीपर्यंत काही त्रास नाही. दुपारी बंद करून लगेच लावला तर पहिल्या दाबात उठतो. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलायला सांगितलं आहे. बदलू का?

उत्तर: इतक्यात नको. रात्रभर बंद राहिलेला, थंड झालेला पीसी अडतो आणि एकदा गरम झाला की सुरळीत चालतो, ही लक्षणं एकत्र दिसली की पहिला संशय एसएमपीएसमधल्या (पीसीला वीज पुरवणारा डबा) जुन्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांवर, घ्यायचा.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या आत द्रव असतो. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन तो सुकत जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. सुकलेल्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो आणि थंडीत तो आणखी चढतो. सुरू होताना प्रोसेसर, पंखे, हार्डडिस्क सगळे एकदम करंट ओढतात. तेवढ्यात व्होल्टेज खाली घसरलं की सप्लाय स्वतःच हात आखडता घेतो. तुम्ही पुन्हा पुन्हा बटण दाबता तेव्हा दर प्रयत्नात तो कपॅसिटर थोडासा गरम होतो, म्हणून पंधराव्या वेळी जमतं. मदरबोर्डवरही असं होऊ शकतं. पण गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरभोवती सॉलिड पॉलिमर कपॅसिटर असतात आणि त्यांच्यात सुकायला द्रवच नसतो. त्यामुळे आधी एसएमपीएस, मग बोर्ड.

तर्क खरा की खोटा हे चार-पाचशे रुपयांच्या मल्टीमीटरने पाहता येतं. त्यासाठी सुरू होण्याचा क्रम माहीत हवा. भिंतीवरचा स्विच लावला की पीसी बंद असतानाही एसएमपीएस २४ पिन कनेक्टरच्या जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट देत असतो, हे काम त्याचा स्टँडबाय भाग करतो. बटण दाबलं की बोर्ड हिरवी वायर शून्यावर ओढतो, हा एसएमपीएसला ‘चल’ असा इशारा. मग पिवळ्या, लाल आणि नारिंगी वायरवर अनुक्रमे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट येतात. ते स्थिर झाले की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत राखाडी वायरवर ५ व्होल्ट चढतात, म्हणजे ‘सगळं ठीक आहे’. हा निरोप आल्याशिवाय बोर्ड प्रोसेसरला पुढे जाऊ देत नाही.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. २४ पिनचा कनेक्टर बोर्डात लावलेलाच असू द्या आणि जिथून वायर आत शिरते तिथून लाल प्रोबचं टोक अलगद सरकवा. काळा प्रोब कॅबिनेटच्या रंग नसलेल्या स्क्रूवर टेकवा. तुमच्या एसएमपीएसच्या सगळ्याच वायर काळ्या असतील तर मदरबोर्डच्या मॅन्युअलमधली आकृती समोर ठेवा: जांभळी म्हणजे पिन ९, हिरवी १६, राखाडी ८. आणि हे सगळं सकाळीच, पीसी थंड असताना मोजायचं. दुपारी मोजलंत तर सगळे आकडे शहाण्यासारखे येतील आणि तुम्ही चुकीच्या निष्कर्षावर पोचाल.

जांभळ्या वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसले पाहिजेत. बटण दाबताना आकडा ४.५ च्या खाली घसरत असेल तर स्टँडबाय भाग थकला आहे. हिरव्या वायरवर आधी ३ ते ५ व्होल्टच्या दरम्यान काहीतरी असेल, बटण दाबल्यावर तो आकडा शून्याजवळ यायला हवा. शून्यावर आला, तिथेच राहिला आणि तरी पंखे फिरत नाहीत, म्हणजे बोर्डाने सांगितलं पण एसएमपीएसला ते झेपलं नाही. जांभळी ठीक आहे पण हिरवी हललीच नाही, तर बटण किंवा बोर्ड. बटणाचा संशय काढायला फ्रंट पॅनलच्या हेडरवर (कॅबिनेटच्या बटणांच्या वायर बोर्डावर जिथे लागतात त्या पिना) पॉवर स्विचच्या दोन पिना (बहुतेक बोर्डांवर ६ आणि ८) स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. तसं केल्यावर पीसी पहिल्याच प्रयत्नात उठला तर कॅबिनेटचं बटण खराब आहे. रिसेटचं बटण त्याच्या जागी लावून काम भागतं.

हिरवी वायर खाली जाऊन लगेच वर येत असेल तर मीटरवरून काही ठरत नाही. अशा वेळी दोन साधे प्रयोग करा. एका रात्री विंडोज शटडाउन करा, पण भिंतीवरचा आणि एसएमपीएसच्या पाठीवरचा स्विच चालू ठेवा. सकाळी पहिल्या दाबात उठला तर रात्रभर ऊब मिळालेल्या स्टँडबाय भागाकडे बोट जातं. दुसऱ्या सकाळी सगळे स्विच बंद असताना केस वाळवायच्या ड्रायरने, कमी उष्णतेवर, फूटभर अंतरावरून एसएमपीएसच्या जाळीतून दोन-तीन मिनिटं कोमट हवा द्या आणि मग सुरू करून पाहा. एसएमपीएस गरम केल्यावर उठतो आणि नुसता बोर्ड गरम केल्यावर उठत नाही, असं झालं तर दोषी कोण ते कळलं.

हिरवी आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडून पंखा फिरतो का पाहायची युक्ती बऱ्याच जणांना ठाऊक असते. ती करायला हरकत नाही: २४ पिनचा कनेक्टर बोर्डातून काढलेला, बाकी सगळं सुटं, एक पंखा जोडलेला, क्लिप पिन १६ आणि शेजारच्या काळ्या वायरच्या पिनेत घातल्यावरच स्विच लावायचा. पण पंखा फिरला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. पंख्याचा भार असतो दोन-तीन वॉटचा. तुमचा एसएमपीएस ही परीक्षा बहुधा आरामात पास होईल आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा अडेल.

खात्रीचा पुरावा एकच: मित्राचा चांगला एसएमपीएस एका रात्रीपुरता आणा, कॅबिनेटबाहेर ठेवूनच २४ पिन, प्रोसेसरचा ८ पिन आणि ग्राफिक्स कार्डची वायर जोडा आणि सकाळी थंड अवस्थेत बटण दाबा. यात एक चूक हमखास होते. दोन्ही एसएमपीएस मॉड्युलर (डब्यातून केबल सुट्या निघणारे) असले की जुन्याच केबल तशाच ठेवून फक्त डबा बदलला जातो. बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण डब्याकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही, वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्डडिस्क आणि बोर्ड दोन्ही जातात. ज्याचा डबा त्याच्याच केबल.

नवा घेताना खोक्यावरचा ठळक वॉटचा आकडा बाजूला ठेवा आणि लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. ‘४५० वॉट’ असं छापलेल्या स्वस्त डब्यावर १२ व्होल्टला १६ अँपिअर असतील तर हाती येतात १२ × १६ = १९२ वॉट, आणि आजचा प्रोसेसर नि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. चांगल्या ४५० वॉटच्या डब्यावर तिथे ३६-३७ अँपिअर दिसतात. ‘८० प्लस’ हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, आतले कपॅसिटर कसे आहेत ते सांगत नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षं पाहा. पाच किंवा जास्त वर्षं देणारा कारखानदार सहसा आत बरा माल घालतो.

जुना डबा उघडून कपॅसिटर बदलण्याच्या फंदात मात्र पडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ ते ४०० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. शिवाय पीसी अजून पंधराव्या दाबाला उठतो आहे, तोवर महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप आजच घ्या.

प्रश्न (लातूर): भिंतीच्या सॉकेटवर पीसी लगेच सुरू होतो. ६०० व्हीएच्या यूपीएसवर लावला की यूपीएस ओरडतो आणि सगळं बंद.

उत्तर: बहुतेक ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी ताकद ३६० वॉटच्या आसपास असते आणि तीही नव्या बॅटरीवर. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी उन्हाळ्याच्या गरमीत दोन-तीन वर्षांत दम सोडते. यूपीएसला फक्त टेबललॅम्प जोडा आणि प्लग काढा. दिवा मिनिट-दोन मिनिटांत गेला तर बॅटरी बदला. लेसर प्रिंटर यूपीएसवर असेल तर आधी तो काढा, त्याचा हीटर एकटाच यूपीएसला पुरून उरतो.

प्रश्न (कोल्हापूर): पहिल्यांदाच स्वतः पीसी जोडला. सगळे भाग नवे. बटण दाबलं की पंखे एकदा थरथरतात, बस. पुन्हा दाबलं तर काहीच नाही. मागचा स्विच बंद करून मिनिटभराने लावला की परत एकदाच थरथर.

उत्तर: तुमची थरथर आणि नाशिकच्या वाचकांची अर्धी फेरी दिसायला सारखी, पण अर्थ वेगळा. त्यांचा पीसी दर दाबाला प्रयत्न करतो. तुमचा एकदा प्रयत्न करून कुलूप लावून बसतो आणि मेन्स काढल्याशिवाय ते कुलूप उघडत नाही. बऱ्याच एसएमपीएसमध्ये शॉर्ट सर्किट ओळखल्यावर असंच होतं. म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे, आणि एसएमपीएसने आपलं काम चोख केलं आहे. उगाच बटण दाबत राहू नका.

प्लग काढा आणि आधी प्रोसेसरची ८ पिनची वायर पाहा. ग्राफिक्स कार्डची ६+२ पिनची वायर आणि प्रोसेसरची ४+४ ची वायर लांबून सारख्या दिसतात, पण दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट असतात. पिनांचे आकार वेगळे असल्याने चुकीची वायर सहज बसत नाही, पण जोर लावून बसवलेली असू शकते. कनेक्टर काढून त्याचे दोन भाग कसे सुटतात ते पाहा: ४ आणि ४ असा सुटत असेल तर तो प्रोसेसरचा, ६ आणि २ असा सुटत असेल तर कार्डचा.

मग बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड पत्र्यापासून वर धरणारे खुंट. कॅबिनेटमध्ये मोठ्या एटीएक्स बोर्डासाठी नऊ आधीच बसवलेले असतात. तुम्ही त्याहून लहान मायक्रो-एटीएक्स बोर्ड घेतला असेल तर त्याला भोक नाही अशा जागी उरलेला एखादा स्टँडऑफ बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरला टेकतो. बोर्डावर जेवढी भोकं तेवढेच, आणि त्याच जागी, स्टँडऑफ हवेत. मागच्या पोर्टांभोवतीच्या पातळ पत्र्याची एखादी जीभ यूएसबी किंवा लॅनच्या पोर्टात वळलेली नाही ना, तेही बघा.

तरी सापडलं नाही तर सगळं बाहेर काढा आणि बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी अँटी-स्टॅटिक पिशवीवर ठेवू नका, तिचा बाहेरचा थर वीज वाहू शकतो. प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी, २४ पिन आणि ८ पिन, एवढंच जोडा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्ड. पिना स्क्रूड्रायव्हरने जोडून सुरू करा. इथे चालला तर शॉर्ट कॅबिनेटमध्ये आहे. मग एकेक वस्तू जोडत जा आणि दर वेळी सुरू करून पाहा. कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीची वायर शेवटी जोडा. तिच्या हेडरमधली एखादी पिन वाकून शेजारणीला टेकलेली असण्याचा प्रकार बराच आढळतो. खोक्यावरही थरथरच राहिली तर कूलर आणि प्रोसेसर काढून मोबाइलच्या टॉर्चने सॉकेट तिरक्या कोनातून पाहा. इंटेलच्या एलजीए १७०० वर आणि एएमडीच्या एएम५ वर पिना सॉकेटमध्ये असतात. सगळ्या एका ओळीत चमकतात, वाकलेली एखादी वेगळी चमकते.

प्रश्न (पिंपरी): एएम५ बोर्ड, डीडीआर५ रॅमच्या दोन पट्ट्या. पंखे, दिवे सगळं चालू, पडदा काळा. दोन मिनिटं थांबून बंद केला, असं पाच वेळा झालं.

उत्तर: कदाचित तुमच्या पीसीला काहीच झालेलं नाही. नवी डीडीआर५ रॅम बसवल्यावर पहिल्या वेळी बोर्ड रॅमशी सूर जुळवतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्याला काही मिनिटं लागतात, मोठ्या क्षमतेच्या पट्ट्या असतील तर दहा-पंधरा मिनिटंही. दर वेळी मध्येच बंद केल्याने ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. एकदा पूर्ण झालं की पुढच्या वेळी एवढं थांबावं लागत नाही. बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं किंवा सीएमओएस क्लिअर केलं (बोर्डाची सेटिंग पुसली) की मात्र पुन्हा एकदा थांबा.

पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, म्हणजे ए२ आणि बी२ मध्ये लावा. बोर्डाच्या कडेला सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार बारीक दिवे असतील. डीरॅमचा दिवा लागून राहिला असेल तर वाट पाहा. अर्धा तास उलटूनही तिथेच असेल तर ए२ मध्ये एकच पट्टी ठेवून पाहा. व्हीजीएवर अडला असेल तर मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टात आहे की कार्डाच्या, ते पाहा. रायझन ७५००एफसारख्या ‘एफ’वाल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे बोर्डाच्या पोर्टातून चित्र येणार नाही. सीपीयूचा दिवा लागला असेल आणि प्रोसेसर रायझन ९००० मालिकेतला, बोर्ड दुकानात पडून असलेला बी६५० असेल, तर जुनं बायोस त्या प्रोसेसरला ओळखत नाही. मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून ते बदलता येतं. पेनड्राइव्हवरच्या फायलीला मॅन्युअलमध्ये दिलेलंच नाव द्या.

प्रश्न (मालवण): पावसाळ्यात दोन महिने घर बंद होतं. आता पीसीचा स्विच लावला की घरातला आरसीसीबी (गळती पकडून वीज तोडणारा स्विच) पडतो.

उत्तर: स्विच लावू नका, आधी वाळू द्या. खारी दमट हवा आणि धूळ यांचा थर एसएमपीएसमध्ये बसला की फेजमधून अर्थिंगकडे वीज गळते आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नेमका त्यासाठीच असतो. त्याला बगल देऊन पीसी चालवणं जिवावर बेतू शकतं. कॅबिनेट उघडून कोरड्या खोलीत पंख्याखाली दोन दिवस ठेवा. एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारून आत पाल किंवा मुंग्यांचं वारूळ नाही ना ते पाहा. पाल मेलेली दिसली तर तो डबा बादच करा. वाळल्यावर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर, दुसऱ्या पॉवर केबलने लावून बघा, कधी केबलच ओली असते. पुन्हा पडला तर एसएमपीएस बदला.

रॅमच्या सोनेरी टोकांवर कार्बन चढला असेल तर पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने कीस काढून टाका. बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेलही मोजा: ३ व्होल्टच्या जागी २.७ हून कमी असेल तर बदला. पुढच्या पावसाळ्याआधी पीसी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा असेल तर आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, नाहीतर आतला दमटपणा आतच राहतो.

प्रश्न (पुणे, जुना वाडा): कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. पीसी कधी सुरू होतो, कधी बटण दाबलं की नुसताच दिवा लुकलुकतो. दोन्हींचा संबंध आहे का?

उत्तर: मुंग्या येतात म्हणजे अर्थिंग नाही, एवढं नक्की. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर ती बारीकशी गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर मेन्सच्या साधारण निम्मं, ११५ व्होल्टच्या आसपास, व्होल्टेज तरंगत राहतं. करंट एक मिलिअँपिअरच्या आतबाहेरचा, म्हणून फक्त मुंग्या. पण त्याच पत्र्याला एखाद्या दिवशी खरी फेज टेकली तर वीज उतरायला वाट फक्त तुमच्या हाताची असेल.

सुरू होण्याच्या तक्रारीशी याचा संबंध नसेलही. मात्र जुन्या वायरिंगमध्ये सैल न्यूट्रल आणि गायब अर्थिंग बरेचदा सोबत सापडतात, आणि सैल न्यूट्रलने पीसी नक्की अडतो. वायरमनला बोलवा आणि मीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये तीन मापं घ्यायला सांगा: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हीच मापं त्याच बोर्डावर इस्त्री चालू असताना पुन्हा घ्यायची. फेज-न्यूट्रल दहा-पंधरा व्होल्टने कोसळलं तर कुठेतरी जोड सैल आहे. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थची वायर जोडून देण्याचा उपाय कोणी सुचवला तर स्पष्ट नकार द्या, कारण मागे कुठे न्यूट्रल तुटली की अख्खं कॅबिनेट फेजवर येतं. अर्थिंगची वेगळी तांब्याची वायर खड्ड्यापर्यंत न्यायला सांगा, आणि ते काम होईपर्यंत पीसीला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावू नका.